अष्टमीचं पाणी

आमच्या घरात दोन पाण्यांचं बोलणं चालायचं. एक डोंगराकडून येणारं आणि एक खाडीकडून येणारं. तुंगारेश्वराच्या डोंगरातून निघालेली नदी कामणवरून खाली येते, आणि जिथं ती वसईच्या खाडीत शिरते, गोडं आणि खारं पाणी जिथं दिवसातून चार वेळा एकमेकांना ढकलतं, तिथं आमचं गाव. गाव आणि नदी यांच्यामध्ये मातीचा बांध होता. त्या बांधात एक उघाडी, म्हणजे लाकडाची जाड झडप. ओहोटी लागली की शेतातलं जादा पाणी त्या झडपेतून आपलं आपण बाहेर जायचं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झडप मिटायची आणि खारं पाणी बाहेर अडायचं. इतकी साधी सोय, पण तिच्यावर आमचा भात उभा होता. झडप मिटल्याचा ‘धप्प’ असा आवाज आमच्या ओटीपर्यंत यायचा, आणि चुलीपुढं बसलेली आय न बघता म्हणायची, ‘मिटली.’ मग बाबा विडी विझवून उठायचे, एकदा बांधावर चक्कर मारून यायचे. कुठं खेकड्यानं बीळ पाडलंय का, कुठून पाझर सुटलाय का, हे बघत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. एका बिळातनं आत आलेलं खारं पाणी शेताची तीन वर्षं खातं, असं ते सांगत. पावसाळ्यात भात, भात कापला की त्याच ओलीवर वाल, आणि नदीच्या वरच्या अंगाला, गोडं पाणी पोचायचं तिथं, आयचा भाजीचा तुकडा. मिरची, वांगी, काकडी, आळू. ती भाजी पापडीच्या बाजारात जायची आणि तिथल्या बायका आयला नावानं ओळखायच्या.

बांध बाबांचा होता तसा चिखल हिराआत्याचा. आत्या बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन तीन वर्षांत नवरा गेला आणि ती परत आली, ती कायमची. उंच, काळीसावळी, कमरेला पातळ खोचलेली, आणि पाय असे की बोटं पंख्यासारखी पसरलेली. चिखलात उतरून उतरून तशी झाली होती. पाणी उतरलं की ती कमरेला टोपली बांधून खाली उतरायची आणि हातानं निवट्या पकडायची. निवटी हा चिखलावर उड्या मारणारा मासा. डोळे वर आलेले, अंग बुळबुळीत. बिळात हात घातला तर दुसऱ्या तोंडातून पळतो. आत्या एक हात एका तोंडात घालायची आणि टाच दुसऱ्यावर रोवायची. घरी आणून राखेनं चोळचोळून त्यांचा बुळबुळीतपणा काढायचा, मग चिंचेच्या कोळात, हिरव्या वाटणात कालवण. तांदळाची भाकरी आणि ते कालवण. आज मी कितीही चांगल्या हॉटेलात मासे खाल्ले तरी माझी जीभ मनातल्या मनात त्याच्याशीच ताडून बघते आणि नापास करते.

मला पाणी वाचायला आत्यानं शिकवलं. मी सात-आठ वर्षांचा असेन. बांधावर उभं करून ती म्हणाली, ‘तिथीला पाऊनपट कर. आज चवथ, म्हंजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. पुनवेला सव्वाअकरा. आपल्याकडं वर यायला पानी अर्धा तास जास्त घेतं.’ मग उधाणाचं आणि भांगाचं पाणी तिनं समजावलं. पुनव-अवसेच्या आसपास उधाण. पाणी वाघासारखं येतं आणि तसंच जातं, सगळं धुऊन समुद्रात नेतं. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी आळसावलेलं, चढतं तेही थोडं आणि उतरतं तेही थोडं. ‘भांगाच्या पान्यात काडी टाकली ना, तर दुसऱ्या दिवशी तिथंच घोटालताना दिसंल,’ ती म्हणायची. वर्षाच्या आत मी असा तयार झालो, की वर्गात बसून, खिडकीबाहेर न बघता, नदी आत्ता कुठल्या दिशेला वाहतेय ते सांगू शकायचो. गणितात मात्र काठावर. हे गणितच आहे हे मला कुणी सांगितलं नाही.

बारावीला मी दोनदा नापास झालो. त्या सुमाराला वालीवच्या अंगाला कारखान्यांचे गाळ्यांमागून गाळे उठत होते आणि आमच्या भागातली पोरं सायकली मारत तिकडं कामाला जात होती. नदीच्या वरच्या बाजूला, एका ओहोळाच्या काठी, प्लेटिंगचा एक गाळा होता. नळ, दाराच्या कड्या, सायकलींची हँडलं तिथं यायची आणि आरशासारखी चकचकीत होऊन जायची. तिथं मी हेल्पर म्हणून लागलो. पत्र्याखाली ओळीनं हौद. एका हौदातलं पाणी गडद नारिंगी, त्याच्यावर सतत एक बारीक धूर तरंगायचा. त्या हौदावर रामदुलार नावाचे वयस्कर कारागीर असायचे, उत्तरेकडचे. बोलणं अगदी हळू. त्यांच्या बोटांवर लहान गोल खड्डे होते, कुणी पेन्सिलीच्या टोकानं भोकं पाडावीत तसे, काठ उचललेले आणि आतून काळपट. मी पहिल्याच दिवशी विचारलं. ते म्हणाले, ‘ये पानी काटता है बेटा. धीरे धीरे काटता है. घाव को कभी छूने मत देना.’

धुऊन उरलेलं सगळं पाणी गाळ्यामागच्या जमिनीतल्या टाकीत साठायचं. ते साफ करून मगच सोडायचं असा नियम होता, आणि त्यासाठी एक यंत्रही एका कोपऱ्यात ताडपत्री घालून ठेवलेलं होतं. ती ताडपत्री काढलेली मी कधी पाहिली नाही. टाकी भरली की व्हॉल्व्ह फिरवायचा. पाणी पाइपातून ओहोळात आणि ओहोळातून नदीत. एकदा खालच्या कुठल्यातरी गावातल्या लोकांनी येऊन आरडाओरडा केला, तेव्हा शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं. शेठ वाईट माणूस नव्हता. पोरांना दिवाळीला मिठाई द्यायचा, आजारपणाला पैसे मागितले तर नाही म्हणायचा नाही. म्हणाला, ‘तू खाडीवरचा ना? पाणी कधी जातं, कधी येतं, तुला कळतं? आपण पाणी जाताना सोडलं तर कुणाला त्रास नाही.’

मी त्याला तिथीचा हिशेब सांगितला. तो थक्क झाला. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढं ठेवलं आणि लाल पेन दिलं. मी महिन्याभराच्या ओहोटीच्या वेळा त्याच्यावर लिहून दिल्या. भांगाचे दिवस गोल करून ठेवले, या दिवशी सोडू नका म्हणून. त्या दिवसापासून गाळ्यातले लोक मला ‘पानीवाला’ म्हणायला लागले आणि व्हॉल्व्हची चावी माझ्याकडं आली. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा छाती फुगली होती. दोनदा नापास झालेल्या पोराला येत असलेली एकुलती एक गोष्ट कुणाच्यातरी कामाला आली होती. आणि मी मनाशी पक्कं धरलं होतं, की मी गावाचं भलंच करतोय. उधाणाच्या ओहोटीला सोडलेलं पाणी आमच्या बांधाला न शिवता समुद्रात जातं, आणि समुद्र एवढा मोठा. आत्याला मी सांगितलं नाही. का नाही, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला असता तर बरं झालं असतं.

तो दिवस मार्गशीर्षातला. माझ्या मामेभावाची हळद होती. आमच्यात लग्नापेक्षा हळदीची मजा मोठी. बेंजो येणार होता, नाचायचं ठरलेलं होतं, नवा शर्ट मी सकाळीच सायकलच्या कॅरियरला बांधून आणला होता. दुपारी दोनच्या सुमाराला शेठ घाईघाईनं मागं आला. उद्या सकाळी तपासणीला साहेब येणार असं त्याला कळलं होतं आणि टाकी काठोकाठ भरलेली होती. ‘आज सोडायला लागेल,’ तो म्हणाला. ‘आत्ता सोडू का?’

अष्टमी होती. मला कॅलेंडर बघायची गरज नव्हती. पाणी बाराला उतरून संपलं होतं आणि आता चढत होतं, साडेसहापर्यंत चढत राहणार होतं. आणि तेही भांगाचं. सोडलेलं सगळं पाणी खाली जाण्याऐवजी आमच्या बांधापाशी जाऊन उभं राहणार होतं. म्हणायला हवं होतं, शेठ, सातपर्यंत थांबा, उतार लागला की थोडं थोडं सोडू. पण सातपर्यंत थांबायचं म्हणजे मीच थांबायचं, चावी माझ्याकडं. टाकी रिकामी व्हायला दोन-तीन तास, मग सायकल मारत मामाकडं पोचेपर्यंत हळद संपलेली. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि फार वेळही लागला नाही. शेठ माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. मी म्हणालो, ‘सोडा. चालेल.’ आणि मीच जाऊन व्हॉल्व्ह फिरवला. पिवळं पाणी ओहोळात पडायला लागलं. रामदुलार हौदावरून मान वळवून माझ्याकडं बघत होते. त्यांना तिथीतलं काही कळत नव्हतं, तरी त्यांची ती नजर मला अजून आठवते. त्या संध्याकाळी मी खूप नाचलो.

दुसऱ्या दिवशी लग्नाचे पाहुणे आमच्याकडं उतरलेले होते म्हणून आत्या कालवणासाठी चिखलात उतरली. मी घरीच होतो, रजा होती. साधारण बाराच्या सुमाराला ती परत आली, तेव्हा ती चालत होती पण पाय उचलून उचलून टाकत होती, तापलेल्या वाळूवर चालावं तशी. टोपलीत चार चिंबोऱ्या आणि दहा-बारा निवट्या, त्याही मेलेल्या. ओटीच्या पायरीवर बसून ती म्हणाली, ‘आज चिखलात कायतरी झालंय. निवट्या पोटं वर करून पडल्यात. पलायच्या सोडून पडल्यात. आनि पानी बघ, हलद कालवल्यावानी.’

आय म्हणाली, ‘पाय का असा धरलास?’

‘परवा कालवाच्या शिंपल्याची कड लागली होती ना, तिथं चरचरतंय. खारं लागलं असंल.’

तिनं पाय पुढं केला. आयनं घागरीतलं पाणी ओतलं. चिखल उतरला तसं अंगठ्याखालची चीर दिसली, तिच्या कडा पिवळ्या पडलेल्या. मी दारात उभा होतो. काय झालंय ते मला सगळ्यांच्या आधी कळलं, आणि मी आत जाऊन पाहुण्यांना पानं मांडायला लागलो. त्या मेलेल्या निवट्या आय साफ करायला घेणार होती. एवढं मात्र मी केलं. टोपली उचलली आणि उकिरड्यावर नेऊन ओतली. ‘वास येतोय,’ म्हणालो. आय ओरडली, चांगल्या मासळीची नासाडी केली म्हणून.

चार-पाच दिवसांत बांधालगतच्या पट्ट्यातले वालाचे वेल पिवळे पडले. आधी पानांच्या कडा, मग शिरा सोडून मधला भाग, मग सगळंच. उघाडीची झडप कितीही घट्ट असली तरी पाझर असतोच. बाबांनी वाकून मातीची चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. खारं पाणी आत आलंय का ते ते असंच बघायचे. बराच वेळ तोंडात घोळवून थुंकले. म्हणाले, ‘मीठ नाय हे.’ मग काय आहे, हे त्यांना सांगता येईना, आणि ते न सांगता येणं त्यांना फार लागलं. त्या जमिनीची प्रत्येक चव त्यांना ठाऊक होती, ही नव्हती. पुढचे कित्येक दिवस ते त्या पट्ट्यापाशी उकिडवे बसून राहायचे. आयच्या भाजीच्या तुकड्यावर काही झालेलं दिसलं नाही. ती भाजी बाजारात जात राहिली. ती कुणी खाल्ली, कुणाच्या घरी काय झालं, की काहीच झालं नाही, हे मला कधी कळणार नाही. पापडीत आजही कुठल्या म्हाताऱ्या बाईनं आयची चौकशी केली की मी तिच्या चेहऱ्याकडं नीट बघू शकत नाही.

आत्याची जखम भरेना. वरून खपली धरायची, खाली खड्डा खोल व्हायचा. महिन्याभरात तो गोल झाला, काठ उचललेले, आतून काळपट. मी रोज गाळ्यात रामदुलारांच्या बोटांवर तेच बघत होतो आणि संध्याकाळी घरी येऊन आत्याच्या पायावर. वसईच्या डॉक्टरांनी साखर तपासली. साखर नव्हती. औषधं बदलून दिली, पट्ट्या बदलल्या. दर खेपेला ते विचारायचे, ‘मावशी, पाय कशात घातला होतात?’ आणि आत्या म्हणायची, ‘चिखलात, डाक्तर. जल्मभर घालतेय.’ दर खेपेला मी तिच्या शेजारच्या बाकावर बसलेला असायचो, कारण सायकलवर तिला मीच घेऊन जायचो. पट्टी बांधायचं कामही मी मागून घेतलं होतं. घरच्यांना वाटायचं, पोराची आत्यावर काय माया. माया होतीच. पण रोज संध्याकाळी तिचा पाय मांडीवर घेऊन मी जे करत होतो त्याला माया एवढंच नाव देता यायचं नाही.

शिमगा जवळ आला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हाडापर्यंत गेलंय, बोटं काढावी लागतील, कदाचित पाऊलही, असं म्हणाले. घरी येताना आत्या कॅरियरवर बसली होती. मी सायकल रेटत होतो आणि माझ्या पाठीला तिच्या डोक्याचा भार लागत होता. मोकळ्या रानातून रस्ता जातो तिथं मी उतरलो. चेन पडली म्हणालो. चेन पडली नव्हती. खाली बसून, चाकाकडं बघत, मी तिला सगळं सांगितलं. गाळा, टाकी, कॅलेंडर, चावी. साहेब येणार होते ते. हळद होती तेही.

ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली, पट्टीचा पाय पुढं पसरून. मला वाटलं ओरडेल, थोबाडीत देईल. तिनं विचारलं, ‘कुठली तिथी होती?’

‘अष्टमी.’

‘किती वाजता सोडलंस?’

‘दोन वाजता. दुपारी.’

तिनं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. तिला मोजायची गरज नव्हती, तरी तिनं मोजलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, ‘म्हंजे तुला ठाऊक होतं.’

एवढंच. आयुष्यात मला लोकांनी पुष्कळ बोल लावले, काही खरे, काही खोटे. पण या चार शब्दांपलीकडं कुणाला जाता आलं नाही. न कळता केलं असं म्हणायची वाट तिनंच मला शिकवलेल्या गोष्टीनं बंद झाली होती. मी रडायला लागलो. तिनं मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मग दगडाला धरून उठली. ‘माझ्यापुढं रडून काय व्हनार? डाक्तरला सांग आधी. मग जिथं सांगायचं तिथं सांग. आनि भावाला मी सांगंन, तू नको. तुझ्या तोंडून त्याला सोसायचं नाय.’

आम्ही तिथूनच मागं फिरलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, टेबलावरचा कागद ओढून त्या नारिंगी हौदातल्या रसायनाचं नाव लिहून घेतलं, आणि पेन खाली ठेवून म्हणाले, ‘हे तू मला पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर...’ वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. भल्या माणसांची अर्धी वाक्यंच जास्त दिवस टिकतात. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पाऊल वाचलं. खड्डा बुजला, पण पूर्ण कधीच नाही. दर पावसाळ्यात तो ओला व्हायचा.

जिथं सांगायचं तिथंही मी सांगितलं. सरकारी कचेरीत बसून जबाब लिहून दिला, खाली सही केली. गाळ्याला सील लागलं. काही महिन्यांनी तीच यंत्रं दुसऱ्या पाटीखाली आणखी आत कुठंतरी सुरू झाल्याचं कानावर आलं. खरं-खोटं मी बघायला गेलो नाही. गावातल्या चार पोरांचं काम सुटलं आणि त्यांच्या घरचे लोक आमच्या दारावरून जाताना मान फिरवायला लागले. एकानं तोंडावर विचारलं, ‘नदीत काय तू एकटाच सोडत होतास? मग आमच्या पोटावर का?’ त्याचं खरं होतं. ओहोळ एक नव्हता आणि गाळाही एक नव्हता. माझ्या जबाबानं नदी सुधारली नाही. रामदुलार गावी निघून गेले. जाण्याआधी ते आमच्या घरी आले, ओटीवर बसले, आत्याचा पाय बघितला, आणि आपली बोटं तिच्यापुढं धरली. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती.

बाबांना आत्यानं काय आणि कसं सांगितलं ते मला ठाऊक नाही. फक्त त्यानंतर बांधाला चिखल लिंपताना त्यांनी मला हाक मारली नाही. दोन पावसाळे त्यांनी एकट्यानं बांध सांभाळला, तिसऱ्या वर्षी सांभाळायचं सोडलं. त्या पट्ट्यात भात उभा राहायचा पण दाणा भरायचा नाही. पोचट लोंब्या वाऱ्यावर सळसळायच्या, भरल्या भाताचा आवाज तसा नसतो. पुढं कामणच्या रस्त्याच्या बाजूनं भराव येत आला. डोंगर फोडून आणलेली माती डंपरनं ओतायची, वर गोदाम. आमच्या वाटणीची जमीनही त्यातच गेली. उघाडी कुठं होती ते आता मला नेमकं दाखवता येणार नाही. मला एका शाळेत शिपायाची नोकरी लागली आणि ती मी निवृत्तीपर्यंत इमानानं केली. मुलांच्या पाण्याची टाकी महिन्यातून दोनदा स्वतः उतरून घासायचो. सर लोक हसायचे.

आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. काठी टेकत घरभर फिरायची, आयला भाजी निवडू लागायची, माझ्या लग्नात बसून गाणी म्हणाली. माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, सगळं. पण नदीचा विषय तिनं माझ्यापुढं कधी काढला नाही आणि बांधाकडं ती गेलीही नाही. म्हणून एक दिवस सकाळी ती आपणहून ‘मला नदीवर ने’ म्हणाली, तेव्हा मी घाबरलोच. रिक्षा केली. गोदामांच्या भिंतींमधून नेली. नदी काळी होती, काठाला प्लास्टिक अडकलेलं, आणि वास असा की रिक्षावाला तोंडाला रुमाल लावून बसला. आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून काठापर्यंत आली.

खाली, गुडघाभर पाण्यात, एक बाई उभी होती. पंचवीसेक वर्षांची, कुठून तरी लांबून पोटापाठी आलेली. काठच्या ओल्या पट्टीवर तिनं पालक आणि मेथी लावलेली होती, हिरवीगार. पालकाच्या जुड्या ती नदीत धूत होती आणि पाटीत रचत होती. आत्या ओरडली, ‘ए बाई! वर ये! वर ये आधी!’ बाईला मराठी कळेना. ती हसून बघत राहिली, तिला वाटलं म्हातारी भाजी मागतेय. आत्यानं काठी माझ्याकडं दिली, पातळ वर उचललं, आणि तो पाय, दोन बोटं नसलेला, खड्डा पडलेला, तिच्यापुढं धरला. बाईचं हसू गेलं. ती पाण्याबाहेर आली.

‘क्या हुआ अम्मा को?’ तिनं मला विचारलं.

आत्या माझ्याकडं बघत होती. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. ‘सांग तिला,’ ती म्हणाली. ‘पयल्यापासून सांग.’

मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. व्हॉल्व्ह कुणाच्या हातात होता तेही. बाईनं सगळं ऐकलं, पाटीकडं बघितलं आणि म्हणाली, ‘तो धोएँ कहाँ भैया?’

उत्तर आत्यानं दिलं. घरी नळ आहे, तिला घेऊन चल म्हणाली. रिक्षात पाटी मावेना, म्हणून ती बाई डोक्यावर घेऊन मागून चालत आली. आयनं तिला चहा दिला. आमच्या अंगणात नळाखाली बसून ती जुड्या धुवायला लागली आणि आत्या ओटीवरून तिला, हे पान काढ, ते पान काढ, असं सांगत होती. खूप दिवसांनी तिचा आवाज पूर्वीसारखा मोठा झाला होता. मी दारात उभा राहून बघत होतो. पालकाच्या मुळांनी जे पाणी प्यायलं होतं ते नळाखाली जाणारं नव्हतं, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. आत्याला आनंद झाला होता आणि मला गप्प राहता आलं असतं.

मी अंगणात उतरलो, त्या बाईसमोर उकिडवा बसलो. ‘बहन,’ मी म्हणालो, ‘ये धोने से नहीं जाएगा. अंदर तक गया है.’

आत्याचं बोलणं थांबलं. बाईनं मान वर केली नाही. ती हातातली जुडी पाण्यात खळबळत राहिली.